बाळंतपणानंतर दूध आलं नाही, पाळीही परत आली नाही

वर्षावासात आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन असतं. वाचन संपलं की पुरुष मंडळी चहा पिऊन निघतात, बायका मात्र आणखी अर्धा तास बसतात. आरोग्याच्या या पानाचे निम्मे विषय आम्हाला त्या अर्ध्या तासातच मिळतात. आजचाही तिथलाच.

वाचनाला येणाऱ्या एक ताई श्रावणातसुद्धा स्वेटर घालून बसायच्या. नाशिकचा पाऊस गार असतो हे खरं, पण पत्र्याच्या विहारात साठ-सत्तर माणसं बसली की घामच फुटतो. पोरी हसायच्या. ताईंचं वय चौतीस, पण चेहरा पन्नाशीचा. कातडी पांढुरकी, डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या, भुवया विरळ. चार घरची धुणीभांडी करत होत्या, त्यातली दोन घरं सोडावी लागली, कारण दुपारनंतर उभंच राहवेना. सासूचं म्हणणं एकच, हिला आळस भरलाय.

धाकटा मुलगा सहा वर्षांचा. त्याचं बाळंतपण माहेरच्या गावी घरातच झालं होतं. बाळ आलं, वार लवकर पडली नाही, रक्त थांबेना. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध गेली होती. रक्ताच्या बाटल्या लागल्या. ‘मरता मरता वाचली’ एवढीच त्या दिवसाची आठवण घरच्यांनी जपली. पुढे बाळाला अंगावरचं दूध एक दिवसही मिळालं नाही, आणि पाळी गेली ती परत आलीच नाही. दुधासाठी मेथी, शतावरी, अळीव सगळं झालं. पाळीबद्दल मात्र कुणी डॉक्टरला विचारलंच नाही. ताईच म्हणाल्या, “बरंच झालं म्हटलं, महिन्याची कटकट गेली.”

सहा वर्षांत त्यांनी काय काय केलं ते ऐकून आम्हीच दमलो. थकवा आला की सलाईन लावायचं, दोन दिवस बरं वाटायचं. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. एका ठिकाणी थायरॉईडची तपासणी झाली, रिपोर्ट ‘नॉर्मल’. मग कुणीतरी सांगितलं, बाळंतपणात बाहेरचं लागलंय. देवऋष्याकडे जाऊन आल्याचं ताई आम्हाला फार खाली मान घालून सांगत होत्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे ना. आम्ही त्यांना बोल लावला नाही, या पानावरही लावणार नाही. सहा वर्षं कुणी नीट उत्तरच दिलं नाही, तर माणूस कुठं ना कुठं उत्तर शोधत जातोच.

यंदा पावसाळ्यात जुलाब झाले. घरातल्या सगळ्यांना झाले, बाकीचे दोन दिवसांत उठले. ताई बेशुद्ध पडल्या. दवाखान्यात रक्तदाब अगदी खाली, साखर कमी, अंगातलं मीठ म्हणजे सोडियम फारच उतरलेलं. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने नवऱ्याला दोन प्रश्न विचारले. शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? आणि बाळाला अंगावरचं दूध आलं होतं का? सहा वर्षांत हे दोन प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारले.

ताईंच्या डोक्यातली एक वाटाण्याएवढी ग्रंथी त्या बाळंतपणाच्या दिवशी मेली होती.

तिचं नाव पिट्युटरी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला पीयूषिका म्हणतात. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाची एक छोटी खोबण असते, त्यात ती बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या बरोबर वर मेंदूचा एक बदामाएवढा भाग आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. भूक, तहान, झोप, अंगाची ऊब यांच्यावर त्याचं लक्ष असतं. शरीरात काय कमी आहे, काय जास्त आहे याची खबर त्याला रक्तातून सतत मिळते. मग तो खालच्या पिट्युटरीला निरोप धाडतो. हा निरोप म्हणजे एक रसायन असतं. दोघांच्या मधल्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते काही मिलिमीटर खाली उतरतं. एवढं थोडं, की ते आहे हे सिद्ध करायलाच शास्त्रज्ञांची वर्षं गेली. अमेरिकेत रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शाली यांनी डुकरांचे लाखो मेंदू खाटीकखान्यांतून गोळा केले, तेव्हा कुठे त्यातून मिलिग्रॅमच्या हिशेबात हा पदार्थ हाती लागला. १९७७ साली दोघांना नोबेल मिळालं.

निरोप मिळाला की पिट्युटरी आपले हुकूम रक्तात सोडते. एक हुकूम गळ्यातल्या थायरॉईडला: अंगातली भट्टी पेटती ठेव. एक मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींना: कॉर्टिसॉल बनव. एक अंडाशयांना, त्यावर पाळी चालते. एक स्तनांना, दुधासाठी. एक वाढीचा, मुलांची उंची त्यावर अवलंबून असते. पुरुषांतही हीच ग्रंथी हेच काम करते, फक्त अंडाशयाच्या जागी वृषण.

हुकूम नुसता सुटत नाही, तो थांबतोही. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी भरलं की फुगा वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो, पाणी उतरलं की फुगा खाली जातो आणि नळ सुरू होतो. शरीरातही असंच आहे. थायरॉईडचं संप्रेरक रक्तात पुरेसं झालं की तेच वर जाऊन पिट्युटरीला आणि हायपोथॅलॅमसला गप्प करतं. कमी पडलं की वरून हुकूम वाढतो. रात्रंदिवस हे चालू असतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता ताईंचा थायरॉईडचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ कसा आला ते समजेल. स्वस्तात होणारी नेहमीची तपासणी म्हणजे टीएसएच. पण टीएसएच हे थायरॉईडचं संप्रेरक नव्हेच, तो पिट्युटरीने थायरॉईडला दिलेला हुकूम आहे. गळ्यातली थायरॉईडच बिघडली असेल तर पिट्युटरी ओरडून ओरडून हुकूम देते, टीएसएच वाढतो आणि रोग पकडला जातो. पण ओरडणारीच मुकी झाली असेल तर? तर थायरॉईड आळसावते, अंग गार पडतं, आणि कागदावरचा टीएसएचचा आकडा मात्र साळसूदपणे ठरलेल्या मर्यादेत बसलेला असतो, किंवा थोडा कमीच. म्हणून अशा बाईची टीएसएचबरोबर फ्री टी-फोर ही तपासणी करावी लागते, आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल. नुसत्या टीएसएचवर ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून घरी पाठवलेल्या बाया आपल्याकडे किती असतील, या विचाराने आम्हाला त्या रात्री झोप आली नाही.

रक्त गेलं गर्भाशयातून, मग डोक्यातली ग्रंथी का मरावी? गरोदरपणात दूध तयार करायची तयारी म्हणून पिट्युटरी फुगते, बरीच मोठी होते. खोबण मात्र हाडाची, ती काही मोठी होत नाही. पुढच्या भागाला रक्त मिळतं ते मुख्यतः त्याच बारीक वाहिन्यांतून, कमी दाबाने. बाळंतपणात फार रक्त जाऊन रक्तदाब कोसळला की पहिला उपवास या फुगलेल्या ग्रंथीला घडतो आणि तिच्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. ग्लासगोच्या बाळंतपणाच्या इस्पितळात काम करणारे हॅरोल्ड शीहान यांनी बाळंतपणात मेलेल्या बायकांची शवविच्छेदनं करून १९३७ साली हे मांडलं. म्हणून या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात.

श्रीमंत देशांत आता हा आजार क्वचित दिसतो, कारण तिथं बाळंतपणात इतकं रक्त जाऊच देत नाहीत. आपल्या देशात तसं नाही. काश्मीरमध्ये डॉ. झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून पाहणी केली, ती २००५ साली छापून आली. मुलं झालेल्या बायकांत शंभरात सुमारे तीन जणींना हा आजार असावा असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणी घरी बाळंत झालेल्या होत्या. सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरच्या आणि आमच्या वस्त्यांमधल्या बायकांची अशी मोजणी झाली तर काय निघेल?

सगळ्यांनाच सगळी लक्षणं येतात असं नाही. ग्रंथीचा थोडा भाग शिल्लक राहिला तर थोडं दूध येतं, कुणाची पाळीही चालू राहते, आणि थकवा पुढे काही वर्षांनी सुरू होतो. काखेतले आणि जांघेतले केस गळणं, छाती सुकणं, थंडी सोसवेनाशी होणं, उठताना चक्कर, किरकोळ तापातही गळून जाणं, ही खूण. आणि हेही सांगितलं पाहिजे की पाळी न येण्याची दुसरी पुष्कळ कारणं असतात, दूध कमी येण्याचीही. तेव्हा हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. पण बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, त्यानंतर दूध आलं नाही आणि पाळीही आली नाही, हे तिन्ही एकत्र असेल तर उशीर करू नये.

रक्त थांबवण्याचं औषधही या दोन ग्रंथींचंच आहे. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागातून रक्तात येतं. बाळ आल्यावर गर्भाशय आवळतो आणि रक्तवाहिन्या दाबून बंद होतात, ते याच्यामुळे. बाळाला लगेच छातीशी धरलं, त्याने चोखलं की ते आणखी सुटतं. आपल्या जुन्या सुईणी बाळ लगेच पाजायला सांगायच्या, त्यात हे होतं. पण काही वेळा शरीराचं ऑक्सिटोसिन पुरत नाही. म्हणून दवाखान्यात बाळ बाहेर येताच एका मिनिटाच्या आत त्याचं इंजेक्शन देतात. प्रत्येक बाळंतिणीला ते मिळायलाच हवं. विचारायला लाजू नका: “इंजेक्शन दिलं का?”

इंजेक्शन नसेल तिथं काय, हा प्रश्न आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात सोडवला गेला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी खेड्यांतल्या १६२० बायकांवर अभ्यास केला. एएनएम सिस्टरांनी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात जास्त रक्त जाण्याचं प्रमाण शंभरात १२ वरून साधारण साडेसहावर आलं. २००६ साली ‘लॅन्सेट’ या मोठ्या साप्ताहिकात ते छापून आलं. त्यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. बाळंतिणीखाली घालायचा प्लास्टिकचा एक कपडा तयार केला, खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर मापाच्या रेघा. कारण रक्त किती गेलं हे डोळ्यांना कळतच नाही. फडक्यात, गोधडीत, जमिनीत जिरतं. ‘थोडंच गेलं’ म्हणताना अर्धा लिटर गेलेलं असतं, आणि अर्धा लिटर ही धोक्याची रेघ आहे. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमीतही धोका. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीच सांगते.

बाळंतपणासाठी १०२ किंवा १०८ला फोन करा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, लागलं तर रक्त आणि घरी सोडणारी गाडी, सगळं मोफत आहे. रक्ताच्या पिशवीसाठी कुणी पैसे मागितले तर हे नाव घ्या. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचंच हित आहे, असं त्यांनी तेव्हा मांडलं. जवळपास शंभर वर्षं झाली. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पगारी रजा आजही मिळत नाही. ताई बाळंत झाल्यावर सव्वा महिन्यात कामावर होत्या.

उपचाराबद्दल. मेलेली ग्रंथी जिवंत होत नाही, पण तिच्या हुकमावर जे बनत होतं ते गोळ्यांतून देता येतं. कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन, थायरॉईडसाठी थायरॉक्सिन, आणि कमी वयाच्या बाईला हाडं व शरीर टिकावं म्हणून पाळीची संप्रेरकं. यातल्या रोजच्या गोळ्या फार महाग नाहीत. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. कॉर्टिसॉलची कमतरता भरून काढायच्या आधी थायरॉक्सिन सुरू केलं तर अंगातली भट्टी पेटते, तिला सोसणारं कॉर्टिसॉल नसतं आणि बाई कोसळू शकते. म्हणून शेजारणीच्या थायरॉईडच्या गोळ्या घेऊन बघू, असलं काही करायचं नाही.

दुसरी गोष्ट, आजारपणाची. निरोगी माणसाला ताप आला की वरून हुकूम सुटतो आणि कॉर्टिसॉल आपोआप वाढतं. शीहानच्या बाईला तसं होत नाही. तिला तापात स्टेरॉईडची गोळी डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे वाढवावी लागते, बहुधा दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच दवाखाना आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. ताईंचे जुलाब इतके जिवावर का बेतले, ते यातून कळतं. आणि सलाईनने दोन दिवस बरं का वाटायचं, तेही. सलाईनमध्ये मीठच तर असतं.

हाच बॉलकॉक दुसऱ्या एका तऱ्हेने आपल्या वस्त्यांत बिघडतो आहे, ते इथेच सांगून टाकतो. गुडघेदुखीची, दम्याची, वजन वाढवायची म्हणून विनालेबलची पुडी किंवा रंगीत गोळ्या मिळतात. एका दिवसात गुण! त्यात पुष्कळदा स्टेरॉईड असतं. बाहेरून रोज कॉर्टिसॉलसारखं औषध येऊ लागलं की टाकी भरलेली दिसते, वरचा नळ बंद होतो आणि महिनोन्‌महिने बंद राहिल्यावर गंजतो. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, साखर वाढते. मग कुणीतरी सांगतं, त्या पुड्या वाईट आहेत, आणि माणूस एका दिवसात बंद करतो. बाहेरचं औषध थांबलं, आतलं सुरू झालेलं नाही. मग तीच गत: उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, बेशुद्धी. असलं औषध कित्येक आठवडे घेतलं असेल तर ते डॉक्टरांना खरं सांगा आणि त्यांच्या सांगण्याने हळूहळू उतरवा. लाज वाटून लपवू नका, डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

ताईंच्या तपासण्यांचा आणि डोक्याच्या एमआरआयचा विषय निघाला तेव्हा पैशाची अडचण आलीच. महात्मा फुले जन आरोग्य योजना भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी त्रिरश्मी लेण्यातली गोष्ट काढली. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी पैसे ठेवले, तेही गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून. त्यात तेल गाळणारे होते, पाण्याची यंत्रं करणारे होते. मुद्दल तसंच राहायचं, व्याजातून औषध. आपण दर पौर्णिमेला त्या पायऱ्या चढतो, पण त्या भिंतीपुढे किती जण थांबतात? आता आमच्या महिला मंडळाचा एक डबा आहे, दर घरामागे महिन्याला वीस रुपये. व्याजाइतके नसतात, पण गोळ्या येतात.

ताई आता सकाळी उठल्यावर आधी गोळी घेतात, मग चहा. ओढणीच्या टोकाला बांधलेल्या छोट्या पाकिटात एक कार्ड असतं, त्यावर आजाराचं नाव आणि ‘स्टेरॉईड चालू आहे, बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्या’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहून घेतलं आहे. सोडलेल्या दोन घरांपैकी एक परत मिळालं. गेल्या रविवारी विहारात स्वेटर नव्हता. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनीच दुसऱ्या एका सुनेकडे बोट दाखवून आम्हाला हळूच विचारलं, “तिच्याही पोराला अंगावरचं दूध नव्हतं. तिला पण दाखवू का?”